पंपाची टाकी सरकार तपासते, पडवीतले पिंप कोण तपासणार?



मिरग तोंडावर आला आहे. मांगरात पडून असलेला पॉवर टिलर बाहेर निघाला असेल, ग्रासकटरची पाती घासून झाली असतील. किनाऱ्यावर १ जूनपासून दोन महिने मासेमारी बंद, म्हणून होड्या वर ओढून त्यांवर झाप घालण्याची घाई चालली असेल. आणि याच आठवड्यात घरोघरच्या पडवीत एक पाहुणा येऊन बसला असेल. टिलरसाठी आणलेले डिझेल, ग्रासकटरचे पेट्रोल, होडीतून उतरवलेले उरलेसुरले तेल. कुठे पिंपात, कुठे कॅनमध्ये, तर कुठे चक्क पाण्याच्या बाटलीत.

नेमके याच वेळी मालवण तालुक्यातील देवबागकडच्या एका वाचकाचे पत्र आले आहे. ते लिहितात की त्यांच्या मच्छीमार सोसायटीच्या डिझेल पंपावर तपासनीस आले. टाकीत दांडी घालून पाहिली, माप काढून पाहिले, कागदपत्रे मागितली. यात अर्धा दिवस गेला आणि माणसे कॅन घेऊन उन्हात ताटकळली. ‘सरकारला दुसरे काम नाही काय? आणि उद्या हे लोक आमच्या घरातले पिंप बघायलाही येणार काय?’ असे त्यांनी विचारले आहे.

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पहिल्याचे उत्तर आधी देतो. दुसऱ्याचे उत्तर देताना मला माझी स्वतःची एक चूक सांगावी लागणार आहे.

तपासनीस काय बघतो?

पंपावर येणारा तपासनीस एकाच खात्याचा नसतो. टाकी आणि आगीचा धोका बघणारे खाते केंद्र सरकारचे. पूर्वी त्याला स्फोटके विभाग म्हणत, आता पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटना म्हणतात. हे खाते १८९८ सालापासूनचे असून त्याचे मुख्य कार्यालय आपल्या नागपूरला आहे. पंप घालायचा तर आधी जिल्हाधिकाऱ्यांचा नाहरकत दाखला लागतो, मग या खात्याचा परवाना. टाकी कुठे पुरायची, तिची वाफ बाहेर सोडणारा नळ कुठे उभा करायचा, इमारतीपासून किती अंतर सोडायचे, हे सारे मंजूर नकाशाप्रमाणे असावे लागते. टाकीत वायू उरलेला नाही असा जाणकाराचा दाखला मिळाल्याशिवाय तिथे वेल्डिंगची ठिणगी पाडता येत नाही, की माणूस आत उतरवता येत नाही.

मापाचे खाते वेगळे. ते राज्य सरकारचे वैधमापन खाते. पंपाच्या यंत्राची दरवर्षी पडताळणी करून ते त्यावर मोहोर लावते. प्रत्येक पंपावर ५ लिटरचे शिक्क्याचे माप ठेवावे लागते. ५ लिटरमागे २५ मिलिलिटरपेक्षा जास्त फरक चालत नाही. हे माप फक्त साहेबांसाठी नाही. तुम्हाला शंका आली तर तुम्हीही ‘मापून दाखवा’ असे म्हणू शकता. पेट्रोलची शंका असेल तर गाळणकागदाचा तुकडा मागा. नळीच्या टोकाचा एक थेंब कागदावर टाका. शुद्ध पेट्रोल दोन मिनिटांत उडून जाते, मागे डाग ठेवत नाही. डिझेलला मात्र ही परीक्षा लागू नाही, कारण ते डाग ठेवतेच. तिथे घनता बघतात. टँकरच्या चलनावर लिहिलेली घनता आणि टाकीतल्या तेलाची घनता जुळली पाहिजे.

आणि सोसायटीच्या पंपाची आणखी एक गोष्ट. मासेमारी नौकांच्या डिझेलवरील कराचा परतावा राज्य सरकार देते. तो खरोखर समुद्रात जाणाऱ्या होडीलाच मिळतो की नाही हे बघणे भागच आहे. नाहीतर तुमच्या नावाचे तेल दुसऱ्याच कुणाच्या ट्रकमध्ये जायचे.

आता त्या दांडीविषयी. सगळ्यांत साधी दिसणारी ही गोष्ट, पण सगळ्यांत शहाणपणाची. रोज टाकीत दांडी बुडवून तेलाची खोली बघतात, तक्त्यावरून लिटर काढतात आणि विक्रीच्या आकड्याशी ताडून बघतात. दांडीच्या टोकाला एक लेप लावतात, तळाशी पाणी असेल तर त्याचा रंग बदलतो. हिशेबात तेल कमी भरले, तर थोडे वाफेने उडाले ते सोडून बाकीचे दोनच ठिकाणी गेलेले असते. एक तर कुणाच्या खिशात, नाहीतर जमिनीत. दोन्ही वेळा भुर्दंड तुम्हालाच.

पानेवाडीची आठवण

तपासणी म्हणजे खोळंबा असे ज्यांना वाटते, त्यांना मी २५ जानेवारी २०११ या दिवसाची आठवण देतो. नाशिक जिल्ह्यात मनमाडजवळ पानेवाडीला तेल कंपन्यांचे मोठे साठे आहेत. मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे त्या रस्त्याने जात असताना त्यांना भेसळीचा उद्योग चाललेला दिसला. ते गाडी थांबवून चौकशीला उतरले. भेसळ करणाऱ्यांनी त्यांच्यावर तेल ओतून त्यांना दिवसाढवळ्या जिवंत जाळले. दुसऱ्या दिवशी प्रजासत्ताक दिन होता. राज्यभर हळहळ झाली, सरकारी कर्मचाऱ्यांनी काम बंद ठेवले.

एका तपासणीची ही किंमत. रेशनवरचे स्वस्त रॉकेल ओळखू यावे म्हणून त्याला निळा रंग दिलेला असे. तेच रॉकेल डिझेल-पेट्रोलमध्ये घालून पैसा काढणारे लोक किती निर्ढावलेले होते, हे त्या दिवशी दिसले. त्या भेसळीच्या डिझेलने कुणाच्या तरी टिलरचा पंप बाद होतो. कुणाची तरी होडी भर समुद्रात बंद पडते. तेव्हा तपासनीस आला की अर्धा तास कपाळाला आठी न घालता थांबावे, असे मला वाटते.

घरच्या पिंपाला कायदा आहे काय?

आहे. पेट्रोलियम कायदा १९३४ सालचा आणि सध्याचे नियम २००२ सालचे. त्यात इंधनाचे वर्ग केले आहेत. ठिणगी मिळाली तर कोणत्या तापमानाला वाफ पेटते, त्यावरून हे वर्ग ठरतात. पेट्रोल ‘अ’ वर्गात. त्याची वाफ २३ अंशांच्या खालीही पेटते, म्हणजे आपल्याकडे बाराही महिने, रात्री-बेरात्रीही. डिझेल आणि रॉकेल ‘ब’ वर्गात, ती थोडी सोशीक.

डिझेल किंवा रॉकेल एका जागी २५०० लिटरपर्यंत असेल आणि कोणतेही एक भांडे १००० लिटरपेक्षा मोठे नसेल, तर त्या कायद्याखाली साठ्याचा परवाना लागत नाही. २०० लिटरची बारा पिंपे झाली. आपल्यापैकी बहुतेकांकडे एखादेच असते. तेव्हा त्या बाबतीत निर्धास्त राहा.

पेट्रोलचे मात्र तसे नाही. विक्रीसाठी नसलेले पेट्रोल एकूण ३० लिटरपर्यंतच बिनपरवाना ठेवता येते. तेही घट्ट बुचाच्या भांड्यात. काचेचे किंवा चिनीमातीचे असेल तर १ लिटरपर्यंत, धातूचे असेल तर २५ लिटरपर्यंत. त्या यादीत प्लॅस्टिक नाही. आणि मी वाडीवाडीत जे बघतो ते सगळे प्लॅस्टिकच असते!

आणखी एक. बाटलीतले पेट्रोल दुकानातून सुटे विकणे, पिंप भरून आणून वाडीत नफ्याने वाटणे, हे ‘अडीनडीला मदत’ या नावाने चालते. परंतु अधिकृत विक्रेत्याशिवाय कुणालाही पेट्रोल-डिझेल विकता येत नाही, असा केंद्राचा २००५ सालचा आदेश आहे. तो जीवनावश्यक वस्तूंच्या कायद्याखालचा आहे, हे ध्यानात असू द्या.

मग देवबागच्या वाचकांना उत्तर हे, की तुमच्या पडवीतले एक पिंप बघायला सहसा कुणी येणार नाही. कायद्याने त्या मर्यादेत तुमच्यावर विश्वास टाकला आहे. पण तपासनीस आला नाही म्हणून धोका टळत नाही. तिथला तपासनीस तुम्हीच.

माझी चूक

ही गोष्ट जवळजवळ तीस वर्षांपूर्वीची. नोकरीला लागून मला दोनएक वर्षे झाली होती. कृषी पदवीधर असल्याचा थोडा ताठाही होता. तालुक्याच्या आतल्या अंगाच्या एका गावात एक शेतकरी विहिरीवर डिझेल इंजिन लावून वायंगण भात आणि मिरची करीत असे. पिंप घरी आणि इंजिन मळ्यात, त्यामुळे रोज कॅन घेऊन त्याची येरझार चाले. मी त्याला म्हटले, “अहो, पिंप इंजिनाशेजारीच ठेवा की! फेऱ्या वाचतील.” साहेबांनी सांगितले म्हणून त्याने ते विहिरीच्या काठावर, ओल्या जमिनीवर, तसेच उभे केले.

दोन-तीन महिन्यांनी मी गेलो तर तो म्हणाला, “साहेबानू, डिझेल कोणतरी चोरता.” पिंप लवकर संपत होते. त्याचा संशय मळ्याशेजारच्या चुलतभावावर होता. आधीच बांधावरून कुरबुर होती, त्यात ही भर पडली. रात्री राखण बसली. एकदा दोघांची भर पाणंदीत बाचाबाची झाली आणि दोन्ही घरांची बोलाचाली बंद पडली.

चोर कुणीच नव्हता. ओल्या जमिनीने आणि आपल्या खाऱ्या हवेने पिंपाचा तळ गंजून सुईएवढी भोके पडली होती. तेल थेंबाथेंबाने जांभ्यात उतरत होते. जांभा दगड वरून कठीण दिसतो, पण आत मधाच्या पोळ्यासारखा सच्छिद्र. जमिनीवर डागसुद्धा दिसत नव्हता. पहिला मोठा पाऊस झाला आणि विहिरीच्या पाण्यावर इंद्रधनुष्यासारखी तवंगाची नक्षी उमटली.

घराची पिण्याची विहीर तीच होती. तवंग काढला, इंजिन लावून उपसा केला, पण प्रत्येक सरीबरोबर जांभ्यातले तेल पुन्हा झिरपून येई. घरची बाई मला म्हणाली, “साहेबानू, भाताक सुदा डिझेलचो वास येता. पोरां जेवणत नाय.” तो आवाज अजून माझ्या कानांत आहे. दोन पावसाळे त्या घराने बाहेरून पाणी आणले. आणि कुणाच्या विहिरीवरून? ज्या चुलतभावाला चोर ठरवला, त्याच्याच. त्याच्या बायकोने मात्र मोठेपणा दाखवला. “येवा, पाणी व्हरा. पाण्यावर कसलो राग?” एवढेच ती बोलली.

सल्ला माझा होता. नुकसान त्यांचे झाले. आठवड्यातून एकदा एक काठी पिंपात बुडवून खूण केली असती, इंजिन बंद असतानाही तेल उतरते आहे हे पहिल्या पंधरवड्यात कळले असते. पंपावरची ती दांडी, जिच्यामुळे तुमचा अर्धा दिवस गेला, तिची किंमत मला त्या विहिरीवर कळली.

ही फक्त जुनी गोष्ट नव्हे. जानेवारी २०२४ मध्ये शेजारच्या गोव्यात, वास्कोजवळच्या चिखली भागात, जमिनीखालून जाणाऱ्या इंधनाच्या नळातून गळती झाली आणि आजूबाजूच्या विहिरींत पेट्रोल उतरले. लोकांना आपल्याच विहिरीचे पाणी सोडावे लागले. तिथली जमीनही आपल्यासारखीच. नळ मोठा असो की पिंप लहान, जांभा भेदभाव करीत नाही.

पडवीतल्या पिंपाची तपासणी

तेव्हा पाऊस सुरू होण्यापूर्वी एक सकाळ काढा आणि घरचे तपासनीस व्हा.

१. जागा बघा. पिंप विहिरीजवळ नको, विहिरीच्या वरच्या अंगाला तर मुळीच नको. उताराच्या खालच्या बाजूला, छपराखाली, कोब्यावर ठेवा. खाली दोन ओंडके घालून पिंप जमिनीपासून उचला, म्हणजे तळ कोरडा राहील आणि गळती दिसेल. कोबा नसेल तर खाली जुना पत्र्याचा ट्रे ठेवा.

२. काठी घाला. कोरडी, सरळ काठी घ्या. दर बाजाराच्या दिवशी बुडवा, खूण करा, भिंतीवर किंवा वहीत लिहा. यंत्र न चालवता खूण खाली गेली तर आधी पिंपाचा तळ बघा, मग शेजाऱ्याकडे.

३. पाणी शिरू देऊ नका. उभ्या पिंपाच्या डोक्यावर पावसाचे पाणी साचते. दिवसा पिंप तापते, रात्री निवते, आणि निवताना बुचाच्या आट्यांतून ते पाणी आत ओढले जाते. म्हणून पिंप आडवे ठेवावे. दोन्ही बुचे एका पातळीत, तेलाखाली बुडतील अशी ठेवावीत. डिझेल काढताना तळ ढवळू नये. शेवटचे चार बोटे तेल यंत्रात घालू नये, पाणी आणि गाळ तिथेच असतो.

४. पेट्रोल कमी आणा, लवकर संपवा. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि ते हवेतला ओलावा ओढते. आपल्या पावसाळ्यात महिनोन्‌महिने ठेवलेले पेट्रोल ग्रासकटरला त्रास देणारच. धातूच्या कॅनवर रंगाने ठळक ‘पेट्रोल’ असे लिहा. कॅन काठोकाठ भरू नका. पंपावर भरून घेताना तो गाडीवर न ठेवता जमिनीवर ठेवा.

५. चुलीपासून दूर. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड. ती धुरासारखी वर जात नाही, जमिनीवरून पाण्यासारखी सरकत जाते आणि पडवीतून स्वयंपाकघरातल्या चुलीपर्यंत पोचते. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळाने आपल्याकडची वीज कित्येक दिवस गेली, तेव्हा लोकांनी जनरेटरसाठी कॅनच्या कॅन भरून आणले. एका घरी मी चुलीपासून चार हातांवर तीन कॅन बघितले आणि आधी चूल विझवायला लावली. जनरेटर किंवा इंजिन गरम असताना त्यात तेल ओतू नका.

६. बाटली नको. माय-बहिणींनो, हे खास तुमच्यासाठी. पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत पेट्रोल-रॉकेल कधीही ठेवू नका. तहानलेले पोर बाटली तोंडाला लावते. तसे झालेच तर उलटी काढायला लावू नका. उलटीबरोबर तेल फुप्फुसात जाते आणि जिवावर बेतते. ताबडतोब दवाखाना गाठा.

७. रिकामे पिंप भरलेल्यापेक्षा वाईट. तेल संपले तरी वाफ आत कोंडलेली असते. पाणी तापवायला म्हणून पिंप कापायला नेतात आणि गॅसकटरची ज्योत लागताच ते बॉम्बसारखे फुटते. पंपाच्या टाकीला ठिणगी लावण्याआधी सरकार दाखला मागते, ते उगाच नव्हे. तेलाचे पिंप कापूच नका आणि त्यात पिण्याचे पाणीही साठवू नका.

८. आगीची तयारी. एक बादली कोरडी वाळू आणि एक गोणपाट जवळ असू द्या. पेटलेल्या तेलावर पाणी मारू नका. तेल पाण्यावर तरंगते आणि आग घेऊन घरभर पसरते. छोटी आग वाळूने किंवा ओल्या गोणपाटाने दाबा. हाताबाहेर गेली तर आधी माणसे आणि गुरे बाहेर काढा आणि ११२ क्रमांकाला फोन करा.

तहान लागल्यावर विहीर खणू नये असे आपण म्हणतो. पण खणलेली विहीर राखणे हेही तेवढेच मोठे काम आहे. आपल्या आज्या-पणज्यांनी जांभा फोडून काढलेले पाणी एका गंजक्या पिंपापायी गमावू नका.

आणि पुढच्या वेळी पंपावर तपासनीस दांडी बुडवताना दिसला, तर कुरकुर करू नका. जवळ जाऊन विचारा, “काय साहेब, किती भरले?” ग्राहकाने आकडा विचारला की प्रामाणिक पंपवाल्याला बळ येते आणि लबाडाला घाम फुटतो. मग घरी येऊन आपल्या पिंपातही काठी घाला.

भाताच्या पेरणीला शुभेच्छा. किनाऱ्यावरच्या मंडळींना नारळीपौर्णिमेपर्यंतच्या विश्रांतीसाठी शुभेच्छा. पत्रे पाठवीत राहा.

आपला,
कृषी अधिकारी